उघडी राहिलेली फाइल

कट्.

चार वर्षांचं मूल जागं असूनही घर शांत असलं, की समजावं, काहीतरी शिजतंय. त्या शांततेत खडू मोडला आणि मी हातातलं टाकून धावले. भुंगी जमिनीवर पालथी पडली होती. समोर कोरा करकरीत कागद, चिमटीत लाल खडूचं एवढंसं थुटूक.

"आई, आजी उमटतच नाहीये."

आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी थोरल्या दिरांकडे निघणार होत्या. तिकडे बाळ झालं होतं. ते चालायला लागेपर्यंत मुक्काम तिकडेच. नातीला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "माझं चित्र हातात पडल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकायची नाही." म्हणून झोपेतून उठल्या उठल्या भुंगीने खडू काढले होते.

"खडूच वाईट असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात आरशासमोरून नणंद ओरडली, "वहिनी! माझी भुवई उमटत नाहीये! पेन्सिल फिरतेय, रेघ गायब!"

सासूबाई भुंगीच्या फ्रॉकची उंची वाढवत बसल्या होत्या. "अगं, या कापडावर पण खूण पडेना. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

फळी ठोकायला स्टुलावर चढलेला नवरा पट्टी घेऊन भिंतीकडे बघत होता. "तीनदा रेघ मारली. भिंत पिते की काय?"

मी वळून माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं काम मी घरून करते. कुठली लिफ्ट किती वेळा अडकली, त्याचे आलेख. हाताने नाही काढायचे, प्रोग्रामला सांगायचं. त्याची रीत ठरलेली: आधी चित्राची फाइल उघडायची, मग काढायचं, मग फाइल बंद करायची. ती उघडी असेपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही; जे काढाल ते गुपचूप आत जाऊन बसतं. दुपारी सासूबाईंनी भुंगीला थोपटून निजवलं, तेव्हा मी फाइल उघडली. आलेख काढला. आणि बंद करणार, तोच आतून "आई!" अशी हाक आली.

म्हणजे दुपारपासून सगळं घर माझ्या फाइलमध्ये चित्र काढत होतं.

"मग कर की बंद," नवरा स्टुलावरूनच म्हणाला. जसा काही नळच राहिलाय उघडा.

"करते. पण मी जेपीजी प्रकारची फाइल उघडलीय."

"बरं मग?"

"ती जागा वाचवायला बारीक रेघा पुसट करते. पीएनजी उघडली असती, तर रेघन्‌रेघ जशीच्या तशी राहिली असती. आता बदलता येत नाही."

"पुसट म्हणजे किती पुसट?" नणंद पेन्सिलनिशी दारात उभी. "माझी भुवई आहे त्यात!"

"मी आजीचे डोळे बारीक काढलेत," भुंगी म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"रडू नकोस. परत काढ. जाड काढ."

"कुठे?"

"होते तिथेच."

आम्ही सगळे त्या कोऱ्या कागदावर वाकलो. भुंगी बोटाने कागद चाचपत होती, अंधारात कुणाचा चेहरा चाचपावा तशी. "हे केस. हा गाल. इथे." काळा खडू दाबून तिने कागदावर काहीच काढलं नाही, दोनदा.

"नाक आहे का गं मला?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"आहे. मोठं आहे."

फाइल बंद करायची आज्ञा अगदी छोटी असते. तरी माझं बोट कळीवर अडखळलं. सासूबाई गेल्या की माझ्या कामाच्या निवांत दुपारीही गेल्या. पण दाराशी बॅग उभी होती, गाडी खाली आली होती. मी कळ दाबली.

चित्र पडद्यावर आलं. लिफ्टच्या आलेखाचे उंच खांब, त्यांच्यावर आडवी नवऱ्याची फळी, आणि फळीवर ऐसपैस बसलेली आजी. हात कानांतून निघालेले. डोळे काळेभोर, टक्क उघडे. फ्रॉकच्या खुणा तिच्या पायाशी गवतासारख्या उगवलेल्या आणि डोक्यावर सात-आठ भुवया उडताहेत.

"ही पाखरं छान काढलीस हो," सासूबाई म्हणाल्या.

"त्या माझ्या आहेत," नणंद म्हणाली.

प्रिंटरमधून निघालेला गरम कागद सासूबाईंनी छातीशी धरला. भुंगीचे इतके मुके घेतले, की तिने गाल पुसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि निघाल्या. नणंद पोचवायला खाली गेली.

भुंगी खिडकीशी उभी होती. गाडी वळली तरी ती हलली नाही.

"आई, आजी चित्र मिळाल्याशिवाय जाणार नव्हती ना?"

"नव्हती गं."

"मग तू फाइल बंद कशाला केलीस?"