एकेचाळीस प्रयोग

माझा एक शोधनिबंध सातशे बारा वेळा उल्लेखला गेला आहे. पॅलेडियमसारखा महागडा धातू न वापरता दोन रेणू जोडायची पद्धत मी त्यात दिली होती. विशाखापट्टणमच्या आमच्या विभागात एवढे उल्लेख कुणाच्याच नावावर नाहीत, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिली नव्हती. सातशे बारांपैकी किती जणांनी ती पद्धत खरंच करून पाहिली, देव जाणे. बहुतेकांनी पहिल्याच परिच्छेदात आम्हाला ओवाळलं आणि आपल्या वाटेने गेले.

या मार्चमध्ये माझा नवा विद्यार्थी महिनाभर रिकाम्या हाताने येत राहिला. प्रक्रिया होतच नाही म्हणे. मी चिडले. अकरा वर्षांनी ॲप्रन चढवला आणि स्वतः फ्लास्क लावला. तीनदा लावला, तीनदा काही नाही. चौथ्यांदा माझ्या खणातलं ढवळायचं जुनं मॅग्नेट टाकलं, तर अठ्ठ्याऐंशी टक्के माल मिळाला. ते मॅग्नेट टोकांना काळवंडलं होतं. मी ती काळी पूड ब्लेडने खरवडली आणि नव्या मॅग्नेटबरोबर टाकली. प्रक्रिया झाली. पूड तपासायला पाठवली, तर निघालं पॅलेडियम. वर्षानुवर्षं दुसऱ्या प्रयोगांतून ते आमच्या जुन्या मॅग्नेटांत मुरलं होतं. बिनपॅलेडियमची म्हणून मिरवलेली माझी पद्धत त्याच्याच जिवावर चालत होती.

तेव्हा मला नागमणी आठवली.

ती तीन वर्षं माझ्याकडे पीएचडीला होती. हीच प्रक्रिया तिच्या हातून कधी झाली नाही. एका सोमवारी सगळ्या मुलांसमोर मी तिला म्हटलं होतं, "तुझ्या हाताला गुणच नाही, पोरी. दुसरं काहीतरी बघ." तिने पाहिलं. गेली चार वर्षं ती विजयनगरमच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवते.

तिच्या वह्या कपाटात होत्या. एकेचाळीस प्रयोग, आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत स्वच्छ अक्षरात: 'नवं मॅग्नेट'. बाकीची मुलं प्रयोगशाळेच्या डब्यातलं हाताला येईल ते जुनं उचलायची. ही पोरगी आपल्या शिष्यवृत्तीतून नवी आणायची. उत्तर एकेचाळीस वेळा लिहून ठेवलेलं होतं. प्रत्येक पानाखाली 'पाहिलं' म्हणून माझी सही होती.

मी निबंध मागे घ्यायचं ठरवलं. विभागप्रमुख सोमयाजुलु हादरलेच. अकादमीच्या मानाच्या यादीत माझं नाव शेवटच्या फेरीपर्यंत पोचलं होतं, तेही याच निबंधाच्या बळावर. निकाल ऑगस्टमध्ये. त्यांनी कॉफी मागवली, दार लोटलं आणि मला समजावलं की तोवर गप्प बसावं, मग हळूच एक दुरुस्ती छापावी, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

"कामेश्वरीगारू, चार महिन्यांनी काय बिघडतंय?" ते म्हणाले.

"त्या मुलीची सात वर्षं मी आधीच बिघडवलीत," मी म्हटलं. "त्यात आणखी चार महिने घालायचे नाहीत."

कॉफी मात्र मी पूर्ण प्यायले. चांगली होती.

निवेदन मी दोन दिवसांत लिहिलं. दोष पहिल्यांदा पकडणारी म्हणून नागमणीचं नाव माझ्या आधी घातलं आणि बसने विजयनगरमला गेले. शिक्षकांच्या खोलीत ती पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा उघडून बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली, आणि त्या उभं राहण्याचीच मला लाज वाटली. मी तिला सगळं सांगितलं. माफी मागितली. चूक माझी होती, तिचे हात सगळ्यांत स्वच्छ होते, असंही म्हटलं. पीएचडी पुन्हा सुरू करायची असेल तर अर्ज मी स्वतः घेऊन फिरेन, म्हटलं. ती म्हणाली, ते नंतर बघू. तिने निवेदन हातात घेतलं.

"एकेचाळीस प्रयोगांची नोंद होती, असं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "त्यातले तुम्ही किती वाचले होते, मॅडम?"

"एकही नाही."

"मग तेही लिहा."

जगभरचे रसायनशास्त्रज्ञ ते वाचणार होते. हात क्षणभर थांबला, खोटं कशाला सांगू. मग मी पेन काढून समासात लिहिलं: 'या नोंदींवर मार्गदर्शकाने न वाचता सह्या केल्या होत्या.' कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली.

तिने ती जागा पाहिलीही नाही. डबा बाजूला सारला, पहिलं पान समोर ओढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. तासाची घंटा झाली. दारात मुली येऊन उभ्या राहिल्या. तिने त्यांना हातानेच थांबवलं. मी समोर बसून राहिले. चारही पानं शेवटच्या शब्दापर्यंत वाचून झाल्यावर तिने सही केली.