रिकाम्या खुर्चीचे मत

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे आणि दगड फोडणारा तर नव्हेच. नॉर्वेच्या किनाऱ्यावर स्तोरविक नावाचे लहानसे गाव आहे, तिथल्या नगरपरिषदेत मी नगराध्यक्षांच्या टेबलावर असतो. सभेत एखादा निर्णय झाला की मला एकदा टेबलावर आपटतात आणि निर्णय पक्का झाला असे सगळे मानतात. माझे काम एवढेच. पण मित्रांनो, या एवढ्याशा कामाबद्दल लोकांनी इतके गैरसमज करून घेतले आहेत की कधी कधी वाटते, त्या दिवशी शेगडीत गेलो असतो तर बरे झाले असते.

शेगडीत मी जाणारच होतो. मोडीत निघालेल्या एका होडीचा कणा फोडून सरपणाचा ढीग रचला होता, त्यातला मी एक ओंडका. त्या वेळचे नगराध्यक्ष कॉफीचा कप आपटून सभा चालवत, आणि परिषदेच्या कपाटात धड कानाचा एकही कप उरला नव्हता. म्हणून टोर्मोद नावाच्या होड्या बांधणाऱ्या सुताराला हातोडा करायला सांगितले. त्याने मला ढिगातून उचलले, तासले, घासले, जवसाचे तेल पाजले. नगराध्यक्षांच्या हातात देताना तो म्हणाला, "हा सगळ्यात शेवटी आपटायचा. आधी नाही." सगळे हसले आणि जेवायला गेले. त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले असते तर मला आज ही कहाणी सांगावी लागली नसती.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मग नव्याची नवलाई संपली. एका नगराध्यक्षाला प्रश्न पुरा विचारण्याआधीच मला आपटायची खोड होती. दुसऱ्याने तर ख्रिसमसच्या मेजवानीत माझ्याकडून खेकड्यांच्या नांग्या फोडून घेतल्या. डाव्या बाजूला माझ्या डोक्याला पोचा आहे तो त्याच रात्रीचा, आणि दमट हवेत त्याला अजून खेकड्याचा वास येतो.

त्यातही वैताग आणतात त्या शाळांच्या सहली. दर वर्षी मुले येतात, प्रत्येकाला मला एकदा आपटून "शांतता!" असे ओरडायचे असते, आणि बरोबरचे शिक्षक कौतुकाने सांगतात, "मुलांनो, हा हातोडा म्हणजे कायदा बरं का." मला कपाळ असते तर मी त्याला हात लावला असता. अहो, मी कसला कायदा? मला केव्हा आपटायचे हे ज्याने ठरते, तो कायदा. सभेची सूचना सगळ्यांना वेळेवर गेली का? निम्म्याहून जास्त सदस्य हजर आहेत का? निर्णयाची झळ ज्यांना लागणार, त्यांना कोणी दोन शब्द बोलू दिले का? आणि ज्याचा स्वतःचा फायदा गुंतला आहे, तो आपण होऊन खुर्ची सोडून बाहेर गेला का? हे सगळे होईपर्यंत मी म्हणजे नुसते लाकूड. पण हे ऐकतो कोण!

आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट ऐका.

आमच्या परिषदेत मत देण्याची एक जुनी रीत आहे. नगराध्यक्ष म्हणतात, ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी बसून राहावे, ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभे राहावे. मग उभे राहिलेल्यांना मोजायचे आणि एकूण पंधरा सदस्यांतून वजा करायचे. उरले ते सगळे होकार. वेळ वाचतो, कोणाला उगाच उठबस करावी लागत नाही. इथल्या लोकांना ही रीत मीठभाकरीइतकी साधी वाटते, आणि तिच्यात काही खोट असू शकेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या दिवशी ठराव होता हेग्रॉय बेटावरची शाळा बंद करण्याचा. शाळेत मुले थोडी, छप्पर गळके. मुलांनी रोज बोटीने स्तोरविकच्या मोठ्या शाळेत यावे, असा बेत होता. नगराध्यक्षा गुनवोर ठरावाच्या बाजूने होत्या. बाई वाईट नाहीत. मोठ्या शाळेत मुलांचे भले होईल असे त्यांना मनापासून वाटत होते. बेटावरच्या शाळेच्या शिक्षिका आसलाउग आपली सगळी मुले घेऊन मागच्या बाकांवर येऊन बसल्या होत्या. राज्यकारभार कसा चालतो हे मुलांनी डोळ्यांनी बघावे, असे त्यांचे म्हणणे. आपलीच शाळा बंद होताना बघणे हा काही सोपा धडा नव्हे, पण मुले शहाण्यासारखी बसली होती.

विषय निघताच योस्टाइन उठला. तो परिषदेचा सदस्य, आणि त्याचा धंदा बोटीचा.

"मुलांची ने-आण माझ्याच बोटीने व्हायची आहे," तो म्हणाला. "या विषयात मी बसणं बरं नाही. मी आपला स्वयंपाकघरात जातो, तिकडे वॉफल गरम आहेत."

तो गेला. त्याची खुर्ची मात्र जागेवरच राहिली. चर्चा झाली म्हणायची तर झाली. मग गुनवोरबाईंनी नेहमीचे वाक्य म्हटले. बेटावर राहणारी सदस्य तूरिड ताडकन उठली, तिच्यामागोमाग आणखी काही जण उठले. एकूण सात.

"पंधरातून सात गेले, राहिले आठ," गुनवोरबाई म्हणाल्या. "आठ विरुद्ध सात. ठराव मंजूर." आणि त्यांनी मला आपटले.

मागच्या बाकावरून मारित नावाच्या मुलीने विचारले, "बाई, झालं?"

"हो गं," आसलाउगबाई म्हणाल्या. "आठ म्हणजे सातापेक्षा जास्त. आपल्याला पटलं नाही तरी मानायचं असतं."

इतक्यात योस्टाइन मिशीला साय लावून परत आला. "काय ठरलं?"

"मंजूर," कोणीतरी म्हणाले. "आठ-सात."

तो बसता बसता थांबला. "आठ कसे? मी बाहेर होतो. चौदांतून सात गेले तर सातच उरतात ना? का मी वॉफल खाता खाता हो म्हणून गेलो?"

सगळे त्याच्या खुर्चीकडे बघू लागले. खुर्ची काय, बसूनच होती. खुर्च्या कधी उभ्या राहतात का?

गुनवोरबाईंचा चेहरा लाल झाला. "सात-सात झाले असते तरी नगराध्यक्षांचं मत निर्णायक असतं. निकाल हाच लागला असता."

"लागला असता, गुनवोर," तूरिड म्हणाली. "लागला नाही."

"हातोडा पडलाय, तूरिड. पुढचा विषय घेऊ."

हातोडा पडलाय! जणू मी आभाळातून आपण होऊन पडलो होतो. चूक वजाबाकीची, आणि पांघरूण म्हणून माझे नाव पुढे. त्याहून संताप आला तो बाकीच्यांचा. हरलेल्या सातांपैकी बहुतेकांनी माना खाली घातल्या आणि कागद उलटले. या लोकांचा सभ्यपणा असा की घराला आग लागली तरी ओरडण्याआधी शेजाऱ्याची झोपमोड होईल का, हा विचार करतील.

आता कायद्यात यावर उपाय आहे. तीन सदस्यांनी ठरलेल्या मुदतीत सही करून मागणी केली, तर सरकारचा प्रतिनिधी निर्णय तपासतो. बेकायदा ठरला तर रद्द करतो. तीनच सह्या! तूरिडने केली. परिषदेतलीच तिची मैत्रीण मागनहिल्ड, तिने केली. तिसरी काही मिळेना. मी टेबलावर पडल्या पडल्या कॉफीच्या वेळच्या गप्पा ऐकत होतो.

"एकदा हातोडा पडल्यावर पुन्हा उकरून काढणं बरं दिसत नाही."

"खरंय बाबा. उद्या दुकानात एकमेकांना तोंड दाखवायचंय."

मुदतीच्या शेवटच्या दुपारी तूरिड गुनवोरबाईंच्या खोलीत आली. मीही तिथेच होतो.

"तिसरी सही मिळत नाही," ती म्हणाली.

"मग मला कशाला सांगतेस?"

"उद्यापासून मी गप्प बसणार आहे, हे सांगायला आले. शाळा गेली तर गेली. पण आसलाउगने मुलांना आठ सातापेक्षा जास्त असतात म्हणून सांगितलंय. त्यांना आता काय सांगू? की आठवं मत खुर्चीचं होतं?"

गुनवोरबाईंनी मला हातात घेतले. अंगठा माझ्या पोच्यावरून फिरवला. मला वाटले, आता हाकलणार हिला.

"शाळा बंद व्हावी असं मला अजूनही वाटतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"सही केली म्हणून माझं मत बदललं असं समजू नकोस."

"नाही समजत. पेन देऊ?"

आपल्याच निर्णयाच्या विरोधात नगराध्यक्षांनी सही केली. मी इतकी वर्षे लोकांवर चिडतो आहे, पण त्या दुपारी मला चिडायला काही सापडले नाही. खोटे कशाला सांगू, मला त्या बाईंचा अभिमान वाटला.

निर्णय रद्द झाला. बर्फ वितळू लागल्यावर पुन्हा सभा भरली. मुले पुन्हा मागच्या बाकांवर. योस्टाइन पुन्हा स्वयंपाकघरात. या वेळी गुनवोरबाईंनी स्वतः त्याची खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. बेटावरच्या आईवडिलांना बोलू दिले. एका बापाने सांगितले की वादळात बोट बंद असली की मुले शाळेविना घरी बसतील. मग मत घ्यायची वेळ आली.

"आज उलट करू," गुनवोरबाई म्हणाल्या. "शाळा बंद व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं."

"आपली ही रीत नाही," कोणीतरी कुरकुरले.

"नसू दे." आणि त्या स्वतः सर्वांत आधी उभ्या राहिल्या. मग एकेक जण उठला. सहा झाले. गुनवोरबाई थांबल्या. गेल्या वेळी बसलेल्यांत म्हातारा सिगुर्दही होता. तो काठीवर हात ठेवून तसाच बसून होता.

"सिगुर्द, गुडघा दुखतोय का? बसून हात वर केलास तरी चालेल."

"गुडघा दुखतोच आहे," सिगुर्द म्हणाला. "गेल्या वेळी विरोधात उठायचं होतं, पण उठवेना. म्हटलं जाऊ दे, माझ्या एकट्याने काय फरक पडतो?"

"आणि आज?"

"आज मला बसायचंच आहे."

माझ्या एकट्याने काय फरक पडतो! रद्द झालेला निर्णय, पुन्हा भरलेली सभा, सह्यांसाठी दारोदार फिरणारी तूरिड, एवढे सगळे रामायण घडले, आणि मुळाशी काय, तर एक रिकामी खुर्ची आणि एक दुखरा गुडघा. मित्रांनो, मी वैतागू नको तर काय करू?

बसलेल्यांना गुनवोरबाईंनी वजाबाकीने मोजले नाही. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून, नाव घेऊन मोजले. आठ. त्यांनी मला उचलले. फटका सरळ बसला. "ठराव नामंजूर. शाळा राहील. आता छपराचं काय करायचं ते पुढच्या विषयात बोलू."

मागच्या बाकावरून पुन्हा तोच आवाज आला. "बाई, आता झालं?"

आसलाउगबाई या वेळी हो म्हणाल्या नाहीत. "तूच मोज," त्या म्हणाल्या.

मारित उभी राहिली. बोटाने एकेका माणसाला मोजत तिने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीपाशी बोट थांबले आणि पुढे गेले.

"झालं," ती म्हणाली.

तर मित्रांनो, मला घासू-पुसू नका, तेल पाजू नका, खेकडे फोडलेत तरी एक वेळ चालेल. पण तुमच्या वर्गात, गावात, देशात कधी हातोडा पडणार असेल, तर तो पडण्याआधी माणसे मोजा, खुर्च्या मोजू नका. आणि विरोध करायचा असेल तर गुडघा दुखत असला तरी उठा. अगदीच उठवत नसेल, तर बसल्या जागेवरून निदान ओरडा तरी.