कठड्याचा प्रस्ताव

परभणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एखाद्या गावासाठी प्रकल्प करायचा होता. आधी अभ्यास, मग प्रस्ताव, आणि मंजूर झाला तर काम. सृष्टीच्या जोडीला गोपाळ होता. झरीच्या पुढच्या एका खेड्यातला, कमी बोलणारा. विषय त्यानंच सुचवला.

"आमच्या गावात विहिरींना कठडे न्हाईत. माणसं पडतात. माझी वहिनी पण तशीच गेली. पाय घसरला."

सृष्टीला विषय पटला. सरांनी बजावलं, "नुसतं मनानं लिहू नका. ज्यांच्या घरात असं घडलं, त्यांना जाऊन भेटा. पुरावा पाहिजे."

रविवारी दोघं एसटीनं गावात गेले. गोपाळ टेप घेऊन विहिरींची मापं काढायला निघाला. स्वतःच्या घरी मात्र आला नाही. "आईशी तूच बोल," म्हणाला.

त्याची आई, बायनाबाई, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. विहीर कुणाची, किती खोल, पायऱ्या आहेत का, सगळं तिनं नीट सांगितलं. मग सृष्टीनं विचारलं, "काकू, सत्यशीला वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या का?"

"न्हाई. घागर घरीच होती, माय."

सृष्टीचा पेन थांबला. बायनाबाई सोलतच राहिली.

"कापूस वेचायचा चालला होता. तिला म्हायेरी जायचं होतं. रोज म्हणायची, जीव लागंना इथं, मला धाडा. मी म्हणलं, वेचणी होऊ दे. बालाजी, तिचा नवरा, त्यो बी तेच म्हणला. कुणी मारलं न्हाई तिला, उपाशी ठेवलं न्हाई. पण ऐकलं बी न्हाई कुणी." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "पोलिसाला आमी पाय घसरला म्हणून सांगितलं. तू कठडा बांध, लय चांगलं हाय. पण तिला त्यो अडवला नसता."

दोघं परतीच्या एसटीची वाट बघत होते. गोपाळच म्हणाला, "आईनं सांगितलं ना? मला म्हाईत हाय."

"मग मला घसरला का म्हणालास?"

"दुसरं काय म्हणू? कठडा म्हणलं तर मंजूर तरी व्हईल."

सृष्टीनं प्रस्तावात एक भाग वाढवला. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताईंना सोबत घेऊन गावातल्या नव्या सुनांशी दर महिन्याला बसायचं, त्यांचं ऐकायचं. असं का, तेही कुणाचं नाव न घेता लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"गाव लहान आहे, सृष्टी. नाव नसलं तरी कळतं. सरपंच संमती देणार नाहीत, ते सोड. उद्या पोलीस गोपाळच्या दारात आले तर?"

सरांनी त्या भागावर हळूच रेघ ओढली. त्यांनाही ते जड गेलं असावं.

प्रस्ताव मंजूर झाला. उन्हाळ्यात मुलांनी श्रमदान केलं, गवंड्यानं कठडा बांधला. उद्घाटनाला सरपंच आले, हार आले. अभ्यासाबद्दल बोलायला सृष्टीला उभं केलं. एका बाजूला पदर घेतलेल्या बायका बसल्या होत्या.

"या गावात पाय घसरून..." एवढंच म्हणून ती खाली बसली. पोरगी घाबरली असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायनाबाई आली नव्हती. कार्यक्रम आटोपल्यावर गोपाळ घराकडं वळला, सृष्टी मागोमाग गेली. बायनाबाई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. गोपाळ तिच्या पायथ्याशी बसला.

"आई, वहिनीचं सांग मला. काय काय म्हणायची ती?"

"आता इचारायलास व्हय?" बायनाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सृष्टी उंबऱ्यातूनच मागं फिरली. गोपाळ त्या दिवशी तिच्यासोबत परत आला नाही. स्टँडवर ती एकटीच उभी राहिली.