थोरलीचं कपाट

वडील सुतार आणि घरात मुलगा नाही, त्यामुळे कारखान्यातलं पडेल ते काम थोरलीच्या गळ्यात आलं. शाळा सुटली की फळ्या उचलायच्या, पॉलिशपेपर घासायचा, भुसा झाडायचा. असं करता करता लाकडाची पारख तिच्या अंगात मुरली. डोळे मिटून तुकडा हातात दिला, तरी नखाने ओरखडून आणि हुंगून ती सांगायची, हा साग, हा शिसव, ही बाभूळ. धाकटी मात्र कारखान्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. तिला म्हणे भुशाने शिंका येत.

दोघींच्या लग्नांत वडिलांनी एकेक कपाट करून दिलं. दोन्ही सागाची, दिसायला जुळ्या बहिणींसारखी. थोरलीचं लग्न आधी झालं. तिच्या कपाटाला ती हात लावायला गेली, तर वडील म्हणाले, "स्वतःच्या लग्नाचं सामान कुणी स्वतः घासतं का? बाजूला हो." त्या एका वाक्यावर ती कित्येक वर्षं जगली. पुढे धाकटीच्या कपाटाला मात्र माहेरी येऊन तिनेच पॉलिश केलं. हाताची सालं निघाली, पण तक्रार नाही.

म्हातारपणी वडील तिच्याकडेच राहायला आले. धाकटीचं घर मोठं होतं, पण तिथे जागेची अडचण होती.

एका सकाळी झाडताना थोरलीला कपाटाखाली पिठासारखा भुसा दिसला. तिने तो झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. सागाला कीड? एखादी कोवळी फळी आली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि मागे बघायला कपाट ओढलं. ते तिला एकटीलाच सरकलं. भरीव सागाचं कपाट एकटीला हललं नसतं. इतकी वर्षं भिंतीला लागून उभं होतं, ते हलवायची वेळच आली नव्हती.

तिने सुरी आणली. मागचा पाय खरवडला, मग खणाची पाठ, मग आतली फळी. तपकिरी रंगाखालून फिकट, मळकट पिवळं लाकूड वर आलं. नाक लावलं, तर सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास नावालाही नाही. पुढची दारं तेवढी सागाची. बाकी सगळं आंब्याचं हलकं लाकूड. इतकी वर्षं तिला कळलं नाही, कारण बापाने दिलेली वस्तू कोण हुंगून बघतं?

वडील खिडकीशी उन्हात बसले होते.

"बाबा, माझं कपाट कशाचं आहे?"

"सागाचं. का गं?"

"मी खरवडून बघितलं."

म्हातारा म्हणाला, "दारं सागाची आहेत की."

"आणि धाकटीचं?"

"पॉलिश तूच केलंस ना? मग मला काय विचारतेस?"

"का केलंत असं?"

"अगं, तिचा सासरा पारखी. फळी वाजवून बघणारा माणूस. तुझ्या सासरी कुणाला साग कळत होता?"

"मला कळत होता."

"म्हणून तर तुला हात लावू दिला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कसबाचा अभिमान होता. "तसंही, कळलं असतं तरी तू बोलली नसतीस. धाकटीने घर डोक्यावर घेतलं असतं."

थोरली तिथून उठली आणि तिने बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून धाकटी म्हणाली, "ताई, जुनं कशाला उकरतेस? बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलू नको म्हणाले."

"तुला माहीत होतं?"

"लाकूडच ते. त्यात काय एवढं?"

"मग थोडे दिवस त्यांना तुझ्याकडे ने."

"आमच्याकडची अडचण तुला ठाऊकच आहे," धाकटी म्हणाली आणि दारात कुणी आलंय म्हणून तिने फोन ठेवला.

औषध मारलं तर कपाट अजून टिकेल, असं नवरा म्हणाला. थोरलीने ऐकलं नाही. कपडे पेटीत भरले आणि भंगारवाल्याला बोलावून कपाट उचलायला लावलं. म्हातारा बघत होता. "दारं तरी काढून घे," तो म्हणाला. तिने घेतली नाहीत.

त्याच्या सेवेत मात्र तिने बोट ठेवायला जागा ठेवली नाही. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या, धुतलेले कपडे. फक्त पूर्वी त्याच्यापाशी बसून चहा प्यायची, ते थांबलं. आता कप त्याच्यापुढे ठेवायचा आणि आत निघून जायचं. शेजारीण आली की म्हाताऱ्याला म्हणायची, "अशी लेक नशीब लागतं मिळायला." तो समाधानाने मान डोलवायचा. थोरलीला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. ती नळ सोडायची आणि स्वच्छ भांडीच पुन्हा घासत बसायची.