नऊ दिवस आधी

पार्तिनाहची बोटं आणि तिच्या लेकीचं डोकं, कोतागदे गावातल्या त्या गल्लीला या दोनच गोष्टींचा काय तो अभिमान. पार्तिनाह अंग रगडून द्यायची आणि केरोकान करायची. म्हणजे पाठीला तेल चोपडायचं आणि जुन्या नाण्याच्या कडेने ओरखडत जायचं. अंगात वारा शिरला असला की लाल पट्टे उठतात. वारा जास्त तितके पट्टे गडद. वेनिंग पाच वर्षांची असताना अख्ख्या गल्लीचे वाढदिवस वारांसकट घडाघडा म्हणून दाखवायची. आता तिशीला आली होती, विद्यापीठात गणित शिकवत होती.

पण त्या डोक्याची तऱ्हाच न्यारी. महिनाभर ते पेटलेलं असायचं. झोप नाही, जेवण नाही, वह्यांवर वह्या. मग एके दिवशी सगळं विझायचं आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची. त्यात मनगटं, गुडघे सुजायचे. सांध्यांचा डॉक्टर एका इमारतीत, मनाचा दुसऱ्या. एकाचा वार मंगळवार, दुसऱ्याचा सोमवार. दोघांची दोन कार्डं, आणि एकाला दुसऱ्याच्या कार्डात काय लिहिलंय याचा पत्ता नाही. पार्तिनाहला वाटायचं, बाई एक आहे की दोन?

मनाचे डॉक्टर हापसोरो दर वेळी वीस प्रश्नांचा कागद भरून घेत. कुठल्या उत्तराला किती गुण, हे वेनिंगने दुसऱ्याच खेपेला हुडकून काढलं होतं. तेव्हापासून ती कागदावर ठणठणीत असायची. दोन वर्षांपूर्वी अशीच ठणठणीत ठरली आणि चार दिवसांनी नदीच्या पुलाच्या कठड्यावरून एका मांसगोळे विकणाऱ्याने तिला हाताला धरून खाली उतरवली. त्याआधी पाठीवर जांभळे पट्टे उठलेले पार्तिनाहने पाहिले होते. पण डॉक्टरचा कागद बरी म्हणतोय, तिथे आपण अडाणी बाईने काय बोलायचं, म्हणून ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून छळत होतं.

आणि आता वेनिंगला नेदरलँड्समध्ये दोन वर्षांचं काम मिळालं होतं. विमान गुरुवारी. फक्त मन ठीक असल्याचा डॉक्टर हापसोरोंचा दाखला हवा होता, तो सोमवारी मिळणार.

शनिवारी दुपारी वेनिंग चटईवर पालथी पडली. "इबू," तिने आईला हाक मारली, "जरा पाठ ओरखड. अंग कसंसंच करतंय."

पहिल्याच हाताला पट्टा जांभळा उठला. नाणं नुसतं टेकवलं होतं. पार्तिनाहने लेकीचं मनगट चाचपलं, तर तव्यासारखं गरम.

"तू जाऊ नकोस," ती म्हणाली.

"झालं सुरू!" वेनिंग उठून बसली. "अगं, कातडीखालच्या बारीक नसा फुटतात, म्हणून लाल होतं. वारा नाही न् बिरा नाही."

"नसेल वारा. चाळीस वर्षं पाठी ओरखडतेय मी. ही पाठ बरी नाही."

"मग सिद्धच करून दाखवते तुला, की याचा न् माझ्या डोक्याचा काडीचा संबंध नाही!"

तिने कागद ओढला. चार वर्षांतल्या प्रत्येक केरोकानची तारीख तिला पाठ होती. आणि आई दर वेळी "आज गुलाबी" किंवा "आज जांभळं" म्हणालेली, तेही. सांध्यांच्या कार्डावरून तिने रक्ततपासणीचे आकडे घेतले, मनाच्या कार्डावरून आजारपणाच्या तारखा. तासभर ती ठिपके मांडत होती. पार्तिनाहने आल्याचा काढा आणून ठेवला, तो गार झाला.

"सहा वेळा विझले मी," अखेर वेनिंग हळू आवाजात म्हणाली. "पाच वेळा नऊ दिवस आधी तू जांभळं म्हणालीस. रक्तातला सुजेचा आकडाही तेव्हाच चढलेला."

"आणि सहाव्यांदा?"

"मी परगावी, सुराबायाला होते. पाठ पाहायला तू नव्हतीस."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे आज मी अगदी ठीक आहे. परवाही असेन. त्यापुढच्या सोमवारी नसेन."

सोमवारी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर हापसोरोंनी ठिपक्यांचा कागद उलटसुलट करून पाहिला. माणूस वाईट नव्हता, जरा घाईतला होता.

"नजर चांगली आहे तुमच्या आईची," ते म्हणाले. "सूज आणि मन यांचं काही साटंलोटं असावं, असं म्हणणारे आहेत आमच्यात. पण सहा वेळांवरून काही ठरत नाही, वेनिंगबाई. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला मी काय सांगू? पुढच्या आठवड्याच्या आजारासाठी आज दाखला अडवता येत नाही मला." त्यांनी सही केली. "मात्र झालंच तसं, तर त्याच दिवशी आणा. सांध्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः बोलावून घेईन."

बाहेर पायरीवर वेनिंगने दाखला आईच्या हातात दिला. "हा तू ठेव. सोमवारच्या आत मी मागितला तर देऊ नकोस. काहीही बोलले तरी."

मंगळवारी तिने मागितला नाही. बुधवारी सकाळी मागितला.

आणि काय बोलली! पाच ही संख्याच नव्हे. माणूस आपल्याला हवं तेच नक्षीत शोधतो. तिकडेही डॉक्टर आहेत, ते जास्त हुशार आहेत. ही संधी पुन्हा येणार नाही. तुला मी जवळ हवी आहे, म्हणून तुला पट्टे जांभळे दिसतात. या शेवटच्या वाक्याला पार्तिनाहच्या काळजात चर्र झालं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"तुझं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "मला एकाचंही उत्तर येत नाही." आणि दाखला खाली घालून त्यावर बसली.

"आयुष्य नासवलंस माझं," वेनिंग म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

गुरुवारी विमान गेलं. शुक्रवार, शनिवार, रविवार वेनिंग आईशी अक्षर बोलली नाही. भात खायची, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायची, शेजारणीशी हसायचीसुद्धा. छान होती ती. तिला तशी छान पाहून पार्तिनाहला धडकी भरत होती. सोमवारीही पोरगी अशीच छान उठली, तर काय तोंड दाखवायचं? तीन दिवस तिला अन्न गेलं नाही.

सोमवारी सकाळी ती दाराशी गेली. "उठतेस ना?"

वेनिंग भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे होते.

पार्तिनाहला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. छातीवरचा दगड उतरावा तसं हायसं. मग आपल्याला काय वाटलं हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती शरमली. ती लेकीच्या उशाशी बसली.

"रिक्षा आणते," ती म्हणाली. "तोवर हात दे माझ्या हातात."

वेनिंगने हात दिला. पण तो सोडल्याशिवाय रिक्षा आणता येईना, म्हणून पार्तिनाहने तिथूनच शेजारणीला हाक मारली.