खोकल्याच्या गोळ्या

"पेपरात सगळे पास, ते ठीक आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण तुमच्या एचआयव्हीच्या तासांचा मुलांना खरंच काही उपयोग होतो का? नाहीतर पुढच्या वर्षी तो वेळ गणिताला देऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण प्रश्न रास्त होता. पेपरात 'कंडोम वापरावा' असं लिहिणं वेगळं आणि तो दुकानातून मागून आणणं वेगळं.

शाळेसमोरचं औषधांचं दुकान आमचंच. मुलं माझ्या नवऱ्याला भोंगा म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

"तुझी पोरं कंडोमचं नावही काढत नाहीत," ह्यांनी सांगितलं. "खोकल्याच्या गोळ्या मात्र धडाधड खपतायत. हवाच वाईट!"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात मागच्या बाजूला खोकी लावत बसले. वरच्या वर्गातला एक मुलगा आला.

"बोल रे! काय पाहिजे? बाबा बरे आहेत ना?" ह्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत गेला असेल.

मुलाची नजर ह्यांच्या डोक्यामागच्या फळीवरल्या कंडोमच्या पाकिटांवर गेली, मग खाली आली. "खोकल्याच्या गोळ्या."

तो एकदाही खोकला नाही. त्याच्यानंतर आलेली मुलगीही नाही.

"अहो, हवेला कशाला नावं ठेवता?" मी म्हणाले. "मी पोरांना तुमच्या दारापर्यंत आणते आणि तुम्ही त्यांना हाकलून लावता."

"मी? मी तर प्रेमाने चौकशी करतो!"

"तीच नडते."

हे फुगून बसले. मला मात्र आनंद झाला होता, माझे तास अगदीच वाया गेले नव्हते. त्याच खुशीत घरी येऊन कपडे धुवायला काढले, आणि आमच्या चिरंजीवांच्या पँटच्या खिशातून खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. कागदी पिशवीवर पार नदीपलीकडच्या दुकानाचं नाव होतं.

बापाच्या दुकानात मागणं शक्यच नाही, म्हणून पोरगा इतक्या लांब गेला, आणि तिथेही त्याला धीर झाला नाही. माझ्या तासाला तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. घरी आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मी ती पिशवी ठेवली. ह्यांनी ती उचलून दुकानाचं नाव वाचलं.

"उद्या ती पाकिटं दाराजवळ मांडतो," हे म्हणाले. "ज्याला हवं त्याने उचलावं. मी पाठ फिरवून उभा राहीन."

मुलगा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "बाबा, माझ्यासाठी त्याला जरा उशीर झालाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आई, ती रक्ताची तपासणी... मला करायचीय. तू येशील?"

ही तपासणी कुठे होते, कधी करायची, पुन्हा कधी करायची, हे वर्गात मी घडाघडा सांगते. आता मात्र मला भीती वाटली, खूप वाटली. पण तो विचारत होता, आणि मलाच विचारत होता.

"येईन," मी म्हणाले. "उद्याच जाऊ."

"मीपण येतो," हे म्हणाले, इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.