पाऊण तास मांडीवर

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, एकीशिवाय दुसरी मुकी. पण बोलायचं काम माझ्याकडे, कारण माझी जोडीदारीण काठाला थोडी चेपलेली आहे आणि तिला आपल्या रूपाची लाज वाटते. मला कशाचीच वाटत नाही.

भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या कासारानं आम्हांला घडवलं. तापव, ठोक, पुन्हा तापव. शेवटी त्यानं मला दोरीला लटकवून टिचकी मारली आणि आवाज पूर्ण विझेपर्यंत मान वर केली नाही. माझं पहिलं कौतुक ते.

अड्याळच्या मंगरूनं आम्हांला आपल्या बँडसाठी नेलं. लग्नाच्या वराती म्हणा, चौदा एप्रिलची मिरवणूक म्हणा, आमच्यावाचून कोणाचं पान हललं नाही. बँडमध्ये एकच नेम होता. ढोलानं थाप दिली की झांजेनं उत्तर द्यायचंच. ढोल एकटा पडता कामा नये. पुढे मंगरूचा खांदा आखडला, हात उचलेना, तेव्हा त्याची बायको विमलाबाई पदर खोचून आम्हांला घेऊन उभी राहिली. बाईमाणसानं बँडात वाजवायचं, म्हणून चारचौघांनी नाकं मुरडली. विमलाबाई म्हणाली, "तोंड वाकडं करा बापा, पन कान सरळ ठेवा."

त्यांनी ठेवले. ती वीस वर्षं मला कशी गेली ते कळलंच नाही.

मग मंगरू गेला आणि बँडही मोडला. विमलाबाई जवाहरनगरला, फॅक्टरीत कामाला असलेल्या मुलाच्या, धर्मेंद्रच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. आम्हांला पोत्यात बांधून सज्ज्यावर चढवलं. नऊ वर्षं. अंगावर हिरवा कीट चढला, पोत्यात पालीनं अंडी घातली. बाहेर कुठं ढोल वाजला की माझ्या अंगात कळ उठायची आणि उत्तर द्यायला हात नसायचे.

यंदा धर्मेंद्रच्या मुलीचं, रश्मीचं लग्न ठरलं. आंदणात पाणी भरायचा पितळी गुंड द्यायचा होता. धर्मेंद्र म्हणाला, "आई, झांज पडूनच आहे ना. कासाराच्या भट्टीत देतो आन् तिचाच गुंड करून आनतो. सोमवारी नेतो."

विमलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "ने," म्हणाली.

मी वरून ऐकलं, मित्रांनो. सज्ज्यावरून सगळं ऐकू येतं.

शनिवारी कॉलनीच्या सभागृहात एक मोठा वाद्यवृंद यायचा होता. गाणी म्हणणारा ऑर्केस्ट्रा नव्हे. साठ माणसं, निम्म्यांच्या हनुवटीखाली व्हायोलिन. धर्मेंद्र खुर्च्या मांडायच्या कामावर होता. दुपारी तिथं गोंधळ उडाला. त्यांच्या झांजांची पेटी रेल्वेतच राहिली आणि गाडी पुढे निघून गेली. धर्मेंद्रच्या तोंडून सहज निघालं, "आमच्या घरी आहे एक जुनी."

त्यांचा म्होरक्या चंद्रकुमार स्वतः क्वार्टरवर आला. विमलाबाईनं पोतं उतरवलं, चिंच आणि राख घेऊन अंगणात बसली आणि माझी नऊ वर्षं घासून काढली. मग म्हणाली, "झांज पाहिजे त हात बी माझाच. मंगरूच्या मांगं मी हे दुसऱ्याच्या हातात देली नाही."

चंद्रकुमारपुढे दुसरा इलाज नव्हता. धर्मेंद्र कासावीस झाला. "आई, साऱ्या फॅक्टरीसमोर हसू करशीन माझं."

"हसतीन त दात दिसतीन त्यायचे. माझं का जाते?"

तालमीत आम्हांला सगळ्यात मागे, मोठ्या नगाऱ्यांच्या शेजारी बसवलं. संगीत सुरू झालं. नगारा गडगडला आणि विमलाबाईनं दणकून उत्तर दिलं. व्हायोलिनं थबकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा नगारा, पुन्हा आम्ही. तिसऱ्यांदा पुढच्या रांगेत खसखस पिकली. चंद्रकुमारनं हातातली काडी खाली ठेवली.

"मावशी, तुमचा ठोका एकच आहे. पाऊण तासात एक. चौथ्या भागात. तोही हळू."

"एकच? मंग बाकीचा वेळ का करू, तांदूळ निवडू?"

"बसायचं. ऐकायचं."

"बसासाठी दुसरी पाहा बापा," म्हणत ती उठली. मीही तिच्याच बाजूची होते. माझ्यासारखीनं एका ठोक्यासाठी ताटकळावं?

आम्ही दारापर्यंत पोचलो होतो. मागे कोणीतरी आपला सूर तपासत होतं. जाड्या आवाजाच्या सनईसारखं काहीतरी. सनईच्याच घरची लेक, पण लांब सासरी दिलेली, असा तो सूर. विमलाबाईचा पाय उंबऱ्यावर थांबला.

"हे कोनाचं हाय?" तिनं विचारलं.

चंद्रकुमारनं सांगितलं की दूरदेशीच्या एका माणसानं, आपलं गाव सोडून समुद्रापार राहिल्यावर, हे लिहिलं. चार भागांची सिंफनी, जगभर नावाजलेली.

विमलाबाई परत आली, खुर्चीवर बसली, आम्हांला मांडीवर घेतलं. "सांगा, केव्हा वाजवाचं. मले कागद वाचता येत नाही."

"चौथ्या भागात सगळे तुफान करतील. मग धापा टाकत खाली येतील. तिथं. आणि मावशी, आपटायचं नाही. झोपलेलं लेकरू खाली ठेवता ना, तसं."

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत साहेब लोक, मागे धर्मेंद्र, मान खाली घालून. मंचावर चढताना विमलाबाई माझ्या कानाशी पुटपुटली होती, "लाज नको आनू व माय. सोमवार काही लांब नाही."

पहिल्या भागातच नगारे गरजले. माझा काठ थरथरला. तिच्या मुठी वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. दुसऱ्या भागात ती सासरी गेलेली सनई आली आणि विमलाबाईनं माझ्यावर हनुवटी टेकवली. पाण्याचा एक थेंब पडला; तिनं तो पदरानं पुसला आणि इकडेतिकडे पाहिलं. तिसरा भाग मात्र माझा जीव घेऊन गेला. सुरुवातीलाच नगाऱ्याचे ठोके, अगदी वरातीतल्यासारखे, आणि कोपऱ्यातली एक वाकवलेली सळई, तीन कोन असलेली, ती टिणटिणत सुटली. सळईला वाजू देता आणि मला नाही? मी उसळले. विमलाबाईनं आम्हांला छातीशी आवळून धरलं. तिच्या काळजाचे ठोके माझ्या पितळातून जात होते. ढोल एकटा पडला होता, मित्रांनो, आणि आम्ही पडू दिला.

चौथ्या भागात तुताऱ्यांनी तुफान केलं. तुफान उतरू लागलं. चंद्रकुमारनं वळून पाहिलं, पण विमलाबाईचे डोळे मिटलेले होते. कानानं तिला जागा सापडली. तिनं आम्हां दोघींना एकीवरून दुसरी नुसती सरकवली.

झं.

एवढंच. मी चिडले. यासाठी जन्म घेतला का मी? पण तो आवाज विझेना. तो लांबत गेला, बारीक होत गेला, आणि तो पुरता विझायच्या आत एका मुलीची क्लॅरोनेट त्याच्यावरूनच उठली. मला तो कासार आठवला, मान वर न करणारा.

पुढे दहाएक मिनिटं पुन्हा गप्प. टाळ्या झाल्या. धर्मेंद्र घाईघाईनं आला. "आई, तू वाजवली केव्हा? मी त वाटच पाहत राहिलो."

विमलाबाई दोरी गुंडाळत राहिली. तेवढ्यात ती क्लॅरोनेटवाली मुलगी वाकून तिच्या पाया पडली. "मावशी, तुमच्या आवाजाला धरून मी सूर लावला. दर वेळी या सुराशी आलं की मला भीती वाटते. आज नाही वाटली."

मग धर्मेंद्रकडे वळून विमलाबाई म्हणाली, "सोमवारी जाशीन त रश्मीले गुंड नवा घे. झांज घरी राहते."

"राहून का करन ते? सज्ज्यावरच पडन ना."

"सज्ज्यावर तू जा."

तेव्हापासून मी खाली आहे, खिडकीपाशी, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर. रोज वाजते असं नाही. कधी ती आम्हांला नुसती मांडीवर घेऊन दारात बसते. अंगातली वळवळ गेलेली नाही. लांब ढोल वाजला की अजूनही कळ उठते. तेव्हा ती माझ्यावर तळवा ठेवते.

मित्रांनो, तुमच्याही घरी सज्ज्यावर कोणी पोत्यात पडलं असेल, तर उतरवा. ॲसिड लावू नका, चिंच पुरते. दोरी मात्र नवी घाला. वाजवायला काही नसलं तरी मांडीवर घ्या. गप्प बसायला आम्हांला येतं आता. जवळ कोणी असलं म्हणजे झालं.